रंगाखालची भिंत

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सकाळी आठच्या सुमारास एखाद्या मजूर-नाक्यावरून जावे. तेथे उभ्या असलेल्या घोळक्यात रंगारी कोण, हे कोणाला विचारावे लागत नाही. गवंड्याच्या हाती थापी असते, सुताराच्या खांद्याला हत्यारांची पिशवी असते; रंगाऱ्याजवळ रंगाचा एक रिकामा डबा असतो आणि त्या डब्यात दोन-चार ब्रश, एक पत्री आणि काचपेपरची गुंडाळी खोचलेली असते. त्याच्या चपलांवर गेल्या चार-सहा घरांचे रंग सुकलेले असतात. गिऱ्हाईक आले की बाकीचे मजुरीचे बोलू लागतात. जुना रंगारी असेल तर तो मात्र आधी एक प्रश्न विचारतो : "खरवडून करायचं, का वरूनच हात मारायचा?"

हा प्रश्न मी आजवर पाच-सहा वेळा तरी ऐकला असेन, आणि दर वेळी त्याचे उत्तरही दिले असेन. तो हिशेबाचा प्रश्न आहे अशीच माझी समजूत होती. खरवडावयाचे म्हणजे दोन दिवस अधिक, घरभर धूळ, बायकोचा वैताग आणि मजुरीही जास्त. वरून हात मारावयाचा म्हणजे शनिवारी सुरू करून सोमवारी मोकळे. पण गेल्या काही वर्षांत तो प्रश्न मला निराळाच ऐकू येऊ लागला आहे. त्याला कारण माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट आहे. ती फारशी भूषणावह नाही. परंतु ती सांगितल्यावाचून पुढचे काही बोलण्याचा मला अधिकार पोहोचत नाही.

वडील गेल्यानंतर मुंबईतली आमची जुनी दोन खोल्यांची जागा विकावयाचे ठरले. आतल्या खोलीच्या डाव्या कोपऱ्याला छतापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल होती. वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघराचा नळ त्या भिंतीतून गेला होता आणि तो आत कोठेतरी पाझरत होता. वरचे म्हणत, आमची फरशी आम्ही फोडू देणार नाही. सोसायटी म्हणे, हा तुम्हा दोघांच्या आपसातला मामला. असा तो वाद पंधरा वर्षे मुरत पडला होता. वडिलांनी त्या कोपऱ्यापुढे एक उंच कपाट उभे करून आपल्यापुरता तो मिटवला होता. आता जागा दाखवावयाची म्हणजे कपाट हलवणे आले.

रंगारी बोलावला तो रत्नागिरीकडचा, साठीला टेकलेला, चाळीस वर्षे याच धंद्यात घालवलेला माणूस. त्याने कोपऱ्याला तळहात लावला, बोटाच्या पेराने दोन-तीन ठिकाणी वाजवून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, दुखणं वरचं आहे. आधी नळ बघा. मग महिनाभर भिंत सुकू द्या. मग मी येतो."

"मिस्त्री, महिना कुठला? पुढच्या रविवारी माणसं जागा बघायला यायची आहेत."

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "म्हणजे तुम्हांला रंग नको, पडदा पाहिजे," तो म्हणाला. हे त्याने रागाने म्हटले नाही. शिंप्याने सदऱ्याचे माप विचारावे तशा सहज सुरात म्हटले. मी काही बोललो नाही. त्या न बोलण्याला त्याने होकार धरले आणि कामाला लागला.

आणि काम त्याने असे केले, की आजही त्याची आठवण झाली म्हणजे मला एकाच वेळी कौतुक आणि लाज वाटते. सुटलेले पोपडे पत्रीने खरवडून काढले. विटेपर्यंत पोचलेला खार कोरड्या ब्रशाने झाडला. रात्रभर मोठ्या दिव्याचा झोत कोपऱ्यावर ठेवून तो शेकला. वर पाणी न धरणारा लेप दिला, त्यावर लांबीचे दोन हात, काचपेपर, अस्तर, पुन्हा काचपेपर आणि मग रंगाचे दोन हात. पाचव्या दिवशी त्या भिंतीत आणि शेजारच्या भिंतीत फरक दाखवून देईल त्याला मी बक्षीस दिले असते. दुसरा एखादा असता तर त्याने ओलीवरच हात मारून पैसे घेतले असते, आणि तो रंग आठवड्यात फुगला असता. म्हणजे जागा बघणाऱ्यांना सत्य कळले असते. हा मनुष्य प्रामाणिक कारागीर होता, म्हणून माझे असत्य टिकले.

येथेच मी अडतो. कामातील कौशल्याला गीतेने योगाच्या पदवीला नेऊन बसवले आहे, आणि आपणही 'काम कोणतेही असो, चोख करावे' हे मुलांना बाळपणापासून शिकवतो. पण चोखपणा हा ज्याच्या त्याच्या हेतूला जाऊन मिळतो. रंगाऱ्याचे कसब जितके खरे, तितकी घरमालकाची लबाडी पक्की. मग त्या कसबाला सद्गुण म्हणावयाचे ते कोणत्या तोंडाने?

कोणी म्हणेल, रंग हा प्रकारच मुळी झाकण्याचा. त्याच्याकडून सत्याची अपेक्षा कशाला? मला हे पटत नाही. रस्किनने १८४९ साली वास्तुकलेवर लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. विटांच्या भिंतीला गिलावा करून त्यावर चित्रे काढली तर त्यात खोटे काही नाही, असे तो म्हणतो. परंतु त्याच गिलाव्यावर रेघा ओढून तो दगडी चिरेबंदी वाटावा अशी व्यवस्था केली, तर ते असत्य. वास्तूवर सोन्याचा मुलामा दिला तर कोणी ती भिंत सोन्याची समजत नाही, म्हणून तो मुलामा निर्दोष. दागिन्यावर दिला तर मात्र फसवणूक. म्हणजे झाकणे हा दोष नव्हे, भासवणे हा दोष आहे. रंगाला हे चांगले लागू पडते. लोखंडाचा गज रंगवला नाही तर गंजतो, दाराची फळी रंगवली नाही तर पावसाने फुगते. तेथे रंग हा वस्तूचा कोट आहे. कोट घातला म्हणून कोणी आपल्याला लबाड म्हणत नाही. आत रोग लपवण्यासाठी घातला तरच म्हणतो.

आणि भिंतीला काय घालावे, यातही एक नीती आहे असे मला वाटते. आमच्या लहानपणी घरांना चुन्याची सफेदी असे. कळीचा चुना पिंपात पाण्यात टाकला की तो रटरटून उकळे. आम्हा मुलांना त्याच्या आसपास फिरकू देत नसत. मग तो विझला, गाळला, त्यात डिंक आणि चिमूटभर नीळ पडली, की कुंच्याने भिंतीवर चढे. चढताना तो राखी, ओला दिसे. वाळता वाळता पांढरा होई. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो चुना भिंतीवर पुन्हा एक प्रकारचा दगडच बनत असतो. पण या दगडाला छिद्रे असतात. भिंतीतली ओल त्यातून बाहेर येते आणि वाळते; डाग पडावयाचा असला तर उद्याच पडतो. चुना भिंतीला बोलू देतो. टेकून बसले की सदरा पांढरा होई, हा त्याचा दोष. म्हणून तर तो गेला. पुढे डिस्टेंपर आले, तैलरंग आले, आणि आताचे गुळगुळीत, ओल्या फडक्याने पुसता येणारे रंग आले. या रंगांचा भिंतीवर पापुद्रा धरतो. तो फार देखणा असतो. पण ओल त्याच्यामागे कोंडली की ती पुष्कळ दिवस गप्प राहते आणि मग एके दिवशी परातीएवढा फोड होऊन बाहेर पडते. माझ्या खोलीचे तेच झाले असणार.

जागा घेतली ती एका तरुण जोडप्याने. त्यांचे मूल वर्षाचेही नव्हते. जुलै महिन्यात त्या गृहस्थांचा फोन आला. स्वर तक्रारीचा नव्हता, उलट मलाच त्रास देत असल्यासारखा होता. "काका, आतल्या खोलीला तुमच्या वेळी ओल होती का हो?" मी म्हणालो, "आमच्या वेळी तसा त्रास नव्हता." मराठीतला 'तसा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो वाक्यात घातला की खोटे बोलल्याचा पुरावा राहत नाही.

माझी गोष्ट झाली. पण माझ्या लबाडीची कबुली देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्न माझ्यापेक्षा रंगाऱ्याचा अवघड आहे. त्याने काम नाकारावयास हवे होते का? नीतिशास्त्राच्या वर्गात हात वर करून 'हो' म्हणणे सोपे आहे. नाक्यावर काय होते? एक नाही म्हणतो तेव्हा त्याच्या मागे दहा उभे असतात. आणि जो नाही म्हणतो तो बहुधा अधिक जाणणारा असतो, म्हणजे काम चांगल्याकडून जाऊन वाईटाकडे पोचते. ज्या पुस्तकाने १९०४ साली गांधीजींचे आयुष्य बदलले, त्या 'अन्टु धिस लास्ट'मध्ये रस्किनने हेच हेरले आहे. मजुरीचा दर सर्वांना ठरलेला असावा, त्या दराने चांगल्या कारागिराला काम मिळावे आणि वाईटाला मिळू नये, असे त्याचे म्हणणे. वाईटाने अर्ध्या दरात काम करावयास उभे राहावे आणि चांगल्याची जागा घ्यावी, ही व्यवस्था खोटी. आपला नाका नेमका या खोट्या व्यवस्थेवर चालतो. रंगकाम चौरस फुटांवर मोजतात. खरवडण्यात गेलेला दिवस फुटांत दिसत नाही. कंत्राट मालासकट असेल तर रंगात पाणी जास्त पडते. माल मालकाचा असेल तर डबे जास्त उघडतात, कारण पुष्कळ डब्यांत रंगाऱ्यासाठी म्हणून टोकन घातलेले असते आणि त्याचे त्याला पैसे मिळतात. मालकाला हे कळले की तो 'ही जातच चोर' म्हणून मोकळा होतो. खरवडणी आपणच दरातून वगळली होती, हे त्याला त्या वेळी आठवत नाही.

रंगाऱ्यांच्या जगाचे हे चित्र ज्याने सर्वांत खरे काढले तो स्वतः रंगारीच होता. रॉबर्ट नूनन हे त्याचे नाव. इंग्लंडात हेस्टिंग्ज गावी तो घरे आणि पाट्या रंगवी. रंगाऱ्याच्या घोडीला इंग्रजीत 'ट्रेसल' म्हणतात, त्यावरून त्याने 'ट्रेसेल' हे टोपणनाव घेतले. १९११ साली तो लिव्हरपूलला क्षयाने गेला. 'द रॅगेड ट्राउझर्ड फिलँथ्रॉपिस्ट्स' ही त्याची कादंबरी १९१४ साली कापून-छाटून निघाली. ती पूर्ण स्वरूपात छापली जावयास १९५५ साल उजाडले. तीत एका श्रीमंताचे घर रंगवण्याचे काम चालले आहे. मालक, मुकादम सर्वांचा एकच धोशा : लवकर उरका. तीन हातांच्या जागी एक हात द्या, भेगा बुजवल्यासारख्या करा. चांगले काम करू पाहणारा तेथे कामावरून जाण्याच्या भीतीत असतो. पण त्यातला ओवेन नावाचा रंगारी, ज्याला ही सारी व्यवस्था लुटारू वाटते, त्याला एका दिवाणखान्याची नक्षी करावयाची संधी मिळते आणि हा गडी रात्री घरी बसून, फुकट, तिची चित्रे काढतो! ज्याला तो शत्रू समजतो त्याच्या छतासाठी तो आपली झोप मोडतो. वाचताना प्रथम मला तो वेडा वाटला. आता वाटत नाही. काम चांगले करणे ही त्याची मालकाला दिलेली देणगी नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या जगण्याची गरज होती. माझा रत्नागिरीकर मिस्त्री याच गोत्रातला. खोटे करावयाचे ठरल्यावरही त्याला वाईट करता येईना.

पण चांगले करण्याची किंमत कशात मोजावी लागते, हेही पाहिले पाहिजे. आपण सहज म्हणतो, 'खरवडून करा.' तैलरंगात पूर्वी सफेता असे, म्हणजे शिसे. रंगाऱ्यांच्या पोटातल्या शुळाला युरोपात त्यांच्या धंद्याचेच नाव पडले होते. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने इमारतींच्या आतल्या कामात सफेता वापरू नये असा करार केला आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना शिशाच्या रंगाच्या कामावर लावू नये असेही त्यात घातले. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. नव्या डब्याला ती मर्यादा आहे. पण जुन्या इमारतींच्या दारा-खिडक्यांवर बाप-आजांच्या काळातले हात एकावर एक बसलेलेच आहेत. ते कोरडे खरवडले की त्यांची धूळ होते आणि ती प्रथम जाते खरवडणाऱ्याच्या छातीत. पृष्ठभाग भिजवून घासावा, नाका-तोंडाला योग्य मुखवटा असावा, हे सर्व ठाऊक आहे. आमच्या मिस्त्रीजवळ त्यासाठी एक हातरुमाल होता. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८९ साली रंगाऱ्याचा धंदाच माणसाला कर्करोग देणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. म्हणजे जी खरवडणी मी प्रामाणिकपणाची खूण म्हणून गौरवतो आहे, ती दुसऱ्याच्या फुप्फुसांनी करावयाची असते. 'वरूनच हात मारू का?' असे विचारणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी मी आता जरा थांबतो.

इमारतीच्या बाहेरून काम करणाऱ्याची तर आणखी तऱ्हा. दोरांना बांधलेल्या फळीवर बसून तो सातव्या मजल्यापासून खाली उतरत येतो. सोसायटीच्या सभेत रंग बदामी असावा की राखी, यावर दोन तास वाद होतात. पण त्या इमारतीचा प्रत्येक हात-दीड हात भाग ज्याच्या डोळ्यांखालून जातो असा एकच मनुष्य असतो, आणि तो सभेला नसतो. सळईला गंज चढला की ती फुगते, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. मग काँक्रीटला सळईच्या रेषेत लांब भेग पडते. अशी भेग आणि गिलाव्याची केसासारखी भेग यांतला फरक अनुभवी रंगाऱ्याला बोटाने कळतो. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची रचना-तपासणी कायद्याने आवश्यक केली आहे, हे चांगलेच झाले. तरी त्या फळीवरच्या माणसाला कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. त्याला दिसलेले ज्ञान लांबीने भरले जाते, त्यावर हवामान सोसणारा रंग बसतो आणि खाली नारळ फुटतो.

तेव्हा रंगाऱ्याचे कर्तव्य कोणाशी? पैसे देणाऱ्याशी, की उद्या त्या खोलीत राहावयास येणाऱ्याशी? मी पुष्कळ विचार केला, आणि प्रत्येक वेळी मला त्या पाच दिवसांतली एक बारीक गोष्ट आठवते. खार झाडून झाल्यावर, लेप देण्यापूर्वी मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि उघड्या गिलाव्यावर काहीतरी लिहिले. मी जवळ जाऊन पाहिले. 'ओल वरून. नळ.' एक वर जाणारा बाण, आणि खाली महिना व साल.

"हे कोणासाठी?" मी विचारले.

"पुढचा जो कोण खरवडील त्याच्यासाठी. ओल कुठनं येते ते हुडकण्यात त्याचा दिवस जायला नको."

आणि त्याने त्यावर लेपाचा हात फिरवला.

मला वाटले होते, हा मनुष्य माझ्या खोट्यात निमूटपणे सामील झाला. तसा तो झालाही. त्याला दिवाळीच्या आत पैसे गावी पाठवावयाचे होते, हे त्यानेच मला सांगितले होते. पण सामील होताना त्याने सत्य पुसले नाही. ते एका जागी नोंदवून ठेवले, आणि ठेवले ते अशा माणसासाठी की ज्याला तो कधी भेटणार नाही, जो त्याच्यासारखाच डबा घेऊन नाक्यावरून येईल. विकणारा मी आणि घेणारे ते, आम्हा दोघांच्या डोक्यावरून एका रंगाऱ्याने दुसऱ्या रंगाऱ्याला पाठवलेला तो निरोप होता. तो वाचण्याची अट मात्र एकच : पुढच्या मालकाने 'खरवडून करा' म्हटले पाहिजे. 'वरूनच मारा' म्हटले, तर तो निरोप तसाच राहील, आणि त्यावर आणखी दोन हात चढतील.

यात त्याची सुटका होते असे मी म्हणत नाही. त्या खोलीत एक लहान मूल झोपत होते. पेन्सिलीच्या अक्षरांनी त्याचा खोकला थांबला नसेल. पण त्या भिंतीशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला, ते वरचे बिऱ्हाड, सोसायटी, माझे वडील आणि मी, त्यांच्यापैकी ओल कोठून येते हे लिहून ठेवणारा तोच एक होता, आणि आम्हां सर्वांत त्याचेच पोट हातावर होते.

यंदा आमच्या पुण्याच्या घराला रंग काढला आहे. हे लिहीत असताना पुढच्या खोलीत पत्रीचा आवाज चालू आहे. पुस्तके जुन्या वर्तमानपत्रांखाली गेली आहेत आणि चहात धूळ पडते आहे. रंगारी नवा आहे, तरुण आहे. त्याला मी बाजारातून चांगल्यापैकी मुखवटा आणून दिला. तासाभराने पाहिले तो त्याने तो गळ्यात उतरवून ठेवलेला. "काका, ह्याच्यात जीव घुसमटतो," म्हणाला. भिंती तरी पाण्याने भिजवून घास, असे मी त्याला सांगितले आहे. तेवढा तो घासतो आहे.

मुंबईच्या त्या गृहस्थांचा नंबर माझ्या वहीत अजून आहे. त्यांनीही दिवाळीपूर्वी रंग काढला असेल, किंवा काढण्याच्या विचारात असतील. आज संध्याकाळी रंगारी गेल्यावर त्यांना फोन करावयाचा आहे. ओल वरच्या न्हाणीघराच्या नळातून येते, आमच्या वेळीही येत होती, आणि डाव्या कोपऱ्यात लांबीच्या खाली ते लिहिलेले आहे.